आस्वाद मंडळाचा बुधवार

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे नंतर कटकट नको. मला वाइन आवडत नाय. तरी मी आमच्या आस्वाद मंडळाचा पहिल्या दिवसापासूनचा सभासद आहे, आणि मंडळाबद्दल कुणी वाकडं बोललं तर मला लई राग येतो.

मंडळ काढलं बद्रीनाथ औताडेनं. बद्रीनाथ पाटबंधारे खात्यात होता, सगळी नोकरी जायकवाडीच्या कालव्यांवर काढली. मी सांडू, एसटीत कंट्रोलर. बसस्टँडवर माईक धरून गाड्या पुकारता पुकारता माझा घसा बिघडला आणि मनकर्णा, म्हणजे माझी बायको, म्हणते तसा स्वभावही बिघडला. आम्ही दोघं सिडकोत एकाच गल्लीत राहतो. त्याची बायको आशाबाई वारली तेव्हापासून तो घराबाहेर पडेना. भाजीसुद्धा दारावर येईल ती घ्यायचा. मग त्याचा मुलगा शिरीष पुण्याहून आला आणि हवापालट म्हणून बापाला नाशिकला घेऊन गेला. तिथं एका वाइनरीत टाय लावलेल्या पोरानं त्याला ग्लास कसा धरायचा, गोल कसा फिरवायचा, त्यात नाक कसं घालायचं आणि घोट तोंडात कसा घोळवायचा, हे सगळं शिकवलं. बद्रीनाथ परत आला तो वाइनचं खोकं घेऊनच, आणि बोलायला लागला. आशाबाई गेल्यापासून पहिल्यांदा त्याच्याकडं सांगायला काहीतरी होतं. मग ऐकायला माणसं नकोत का? आम्ही गेलो.

आम्ही म्हणजे पाच जण. आप्पासाहेब मूळचे सोयगावचे, जनावरांचे डॉक्टर म्हणून रिटायर झाले. शेती अजून आहे, पण राहतात इथं. पुंजाराम वाळूजला रबराच्या कारखान्यात सुपरवायझर होता. आणि चांदपाशा. त्याचं गुलमंडीवर कापडाचं दुकान, आता पोरं बघतात. चांदपाशा पीत नाय, त्याच्या धर्मातही नाय आणि स्वभावातही नाय. पण पैठणच्या शाळेत तो आणि बद्रीनाथ एका बाकावर होते, त्याला सोडून मंडळ कसं काढायचं? मग आप्पासाहेबांनी तोड काढली. म्हणाले, "परीक्षक कोरडाच पाहिजे. पिणाऱ्यानं न्याय केला तर तो न्याय कसला?" सगळ्यांना पटलं. चांदपाशा परीक्षक झाला आणि त्याच्यासाठी वेगळा चहा ठेवायचा, असं ठरलं.

मग वार ठरवायला बसलो. सोमवार पुंजारामचा, तो महादेवाचा करतो. मंगळवार माझा, गणपतीचा. गुरुवारी आप्पासाहेबांचं दत्ताचं असतं. शुक्रवारी चांदपाशाचा जुम्मा. शनिवारी बद्रीनाथ मारुतीला जातो. रविवारी घरोघर मटण असतं आणि मटण सोडून कुणी कुठं जात नाय. उरला बुधवार. महिन्यातला पहिला बुधवार. त्या दिवशी एकादशी आली तर बैठक पुढं, चतुर्थी आली तर आणखी पुढं, आणि श्रावणात मंडळ बंद. पिणारी माणसं इतकी सोवळ्यातली कुठं बघितली नसतील. शहराचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, आमचा बुधवार तेवढा टिकला.

पहिल्या बैठकीत मी घोट घेतला आणि वाटलं, आपण कुणाचं काय घोडं मारलंय म्हणून ही शिक्षा. तुरट, आंबट, आणि वरून जीभ कोरडी. गिळवेना. इकडं तिकडं बघितलं तर बाकीचे डोळे मिटून बसलेले, लई रंगलेले. मी म्हटलं, झालं, आपणच एकटे अडाणी. तेवढ्यात बद्रीनाथ म्हणाला, "गिळायची नसते. खरा जाणकार चव घेतो आणि थुंकून टाकतो."

मला तो माणूस देवासारखा वाटला. दुसऱ्या बैठकीला चांदपाशानं घरातली जुनी पितळी पिकदाणी आणली, त्याच्या आजोबांची. आमच्याकडं बाकी काही शिकवावं लागेल, थुंकायला शिकवावं लागत नाय. पान म्हणा, तंबाखू म्हणा, प्रत्येकाचा आयुष्यभराचा सराव. थेंब इकडचा तिकडं होत नव्हता.

थुंकून झालं की प्रत्येकानं एक वाक्य बोलायचं, कशी लागली ते. चांदपाशा डोळे मिटून ऐकायचा. आवडलं तर "वाह" म्हणायचा. लईच आवडलं तर "मुकर्रर", म्हणजे पुन्हा म्हणा. मुशायऱ्यात शेर परत म्हणायला लावतात तसं. ज्याला मुकर्रर मिळाला त्याची बैठक. बघता बघता वाइन राहिली बाजूला आणि वाक्यांची चढाओढ सुरू झाली. आप्पासाहेब म्हणायचे, "पहाटे गोठ्यात शिरल्यावर येतो तसा ओल्या कडब्याचा वास, आणि मागून गूळ." पुंजाराम म्हणायचा, "पहिल्या पाळीला मशिन सुरू व्हायच्या आधी शेडमध्ये जी शांतता असते, ती आहे हिच्यात." मी एकदा म्हटलं, "पैठणची गाडी, खिडकीची जागा, आणि शेजारणीच्या पाटीत पिकलेले पेरू." मुकर्रर मिळाला. मी शीळ घालत घरी गेलो.

मनकर्णाला हे काही पटायचं नाय. "त्या आंबट पाण्याला एवढं नावाजता, माझ्या वरणाला जन्मात एक शब्द नाय," म्हणायची. पण बुधवारी माझा शर्ट इस्त्री करून ठेवायची. नवरा बिघडलाय, एवढं तरी तिला चारचौघींत सांगता येत होतं. रिकाम्या बाटल्या मात्र ती हक्कानं घ्यायची. आमच्या खिडकीत मनीप्लांट वाढला तो आस्वाद मंडळाच्या बाटलीत.

शिरीषचा फोन रोज संध्याकाळी यायचा. बद्रीनाथ आधीपासूनच खिशावर हात ठेवून असायचा. पहिली घंटी पुरी वाजू द्यायचा नाय. बैठक चालू असली, कुणाच्या तोंडात घोट असला, तरी हातानं आम्हाला थांबवायचा आणि उठून आतल्या खोलीत जायचा. आम्ही गाल फुगवून बसून राहायचो. पोराचा फोन आहे, काय बोलणार?

तर त्या शिरीषनं घराला गिऱ्हाईक आणलं. घर विकायचं, बापाला पुण्याला न्यायचं, खोली तयार आहे, पडदेसुद्धा लावून झालेत. फोनवर म्हणाला, "बाबा, तिथं तुमचं आहे कोण?" बद्रीनाथ म्हणाला, "मंडळ आहे." शिरीष म्हणाला, "मग मला बघू तर द्या तुमचं मंडळ. बुधवारी येतो. त्याशिवाय मी गिऱ्हाईकाला शब्द देत नाही."

बद्रीनाथ माझ्याकडं आला. खुर्चीवर बसला, पाण्याचा तांब्या तसाच ठेवला.

"सांडू, मला पुण्याला नाय जायचं."

"मग नको जाऊ."

"तू म्हणशील. मी राहून आलोय तिथं. पोरगं चांगलं, सून चांगली, नात तर लईच गोड. पण दिवसभर दार वाजत नाय रे. बाराव्या मजल्यावर बसून मी लिफ्टचा आवाज ऐकतो. कुणी येतंय असं वाटतं, आणि ती वरच्या मजल्यावर जाते." मग म्हणाला, "त्याला असं दिसलं पाहिजे, की मी नसलो तर इथं काहीतरी बंद पडंल."

मला गलबलून आलं. मला गलबलून आलं की मी चिडतो. मी म्हटलं, "दाखवू की. त्याच्या कंपनीत बघितलं नसंल असलं मंडळ दाखवू."

आप्पासाहेब, पुंजाराम आणि चांदपाशाला मी कॅनॉट बाजारातल्या चहाच्या टपरीवर गोळा केलं आणि बजावलं, बुधवारी कुणी मागं हटायचं नाय. ठेवणीतली वाक्यं काढायची. बाटली कशीही निघू दे, तिला डोक्यावर घ्यायचं. बद्रीनाथचं घर वाचवायचं आहे. आप्पासाहेबांनी मान डोलवली. म्हणाले, "जनावर कसंही असो, बाजारात कसं उभं करायचं ते मला सांगू नका."

पण बद्रीनाथनं एक खास तयारी करून ठेवली होती, ती आम्हाला कुणाला माहीत नव्हती. नाशिकच्या पोरानं त्याला सांगितलं होतं, वाइन जेवढी मुरंल तेवढी चांगली. आता मुरवायचं शास्त्र बद्रीनाथला एकच ठाऊक, आशाबाईचं. त्यानं उन्हाळ्यात दोन बाटल्या फोडल्या, आशाबाईच्या लोणच्याच्या चिनीमातीच्या बरणीत ओतल्या, तोंडाला पांढऱ्या फडक्याचा दादरा बांधला, गच्चीवर नेऊन ऊन दाखवलं, आणि मग माळ्यावर ठेवून दिली. अधूनमधून शिडीवर चढून हलवायचा. हे त्यानं आम्हाला बैठकीतच सांगितलं, कौतुकानं, शिरीषच्या देखत.

शिरीष सभ्य मुलगा. सगळ्यांच्या पाया पडला, चांदपाशाच्याही. "चाचा, कसे आहात?" म्हणून चौकशी केली. दाराजवळच्या खुर्चीवर बसला. बद्रीनाथनं बरणी टेबलावर ठेवली आणि दादरा सोडला.

त्या वासानं माझ्या नाकातले केस उभे राहिले. चांदपाशानं रुमाल नाकाला लावला आणि मग दाढी पुसल्यासारखं केलं. बद्रीनाथनं पळीनं ग्लास भरले. वाइनचा रंग विटकरी झाला होता आणि वर काहीतरी तरंगत होतं. सुरुवात आप्पासाहेबांची. त्यांनी ग्लास फिरवला, घोट घेतला, आणि त्यांच्या डोळ्यांतून सरळ पाणी आलं. ते पिकदाणीत थुंकले. मग म्हणाले, "जातिवंत आहे. लाथ मारते, पण जातिवंत आहे."

"वाह," चांदपाशा म्हणाला.

पुंजाराम म्हणाला, "मला माझ्या सासऱ्याची आठवण आली. कडक माणूस. आत मात्र..." पुढं त्याला सुचलं नाय, पण चांदपाशानं तेवढ्यावरही वाह दिला. मग माझी पाळी. मी घोट तोंडात घेतला तसे माझ्या दोन्ही दाढांचे जुने खड्डे जागे झाले. मी थुंकलो आणि म्हटलं, "खोली आहे हिच्यात. बद्रीनाथ, अशी कुणी मुरवत नाय आता." हे शेवटचं तर शंभर टक्के खरं होतं.

"मुकर्रर," चांदपाशा म्हणाला.

मग शिरीषनं ग्लास उचलला. त्याला थुंकायचं असतं हे सांगायचं आम्ही विसरलो. त्यानं घोट घेतला आणि गिळला. खोकला आला, तो त्यानं दाबला. मग हळूच म्हणाला, "काका, हा शिरका झालाय. व्हिनेगर. ही वाइन राहिलीच नाही."

मी बद्रीनाथकडं बघितलं. आणि तेवढ्यात आप्पासाहेबांनी, एवढ्या शिकलेल्या माणसानं, तोंड उघडलं. "आता आम्हाला काय माहीत, आम्ही कुठं कधी प्यायलोय?"

शिरीषनं पिकदाणीकडं बघितलं. मग आमच्याकडं. "म्हणजे?"

आता झाकून काय उपयोग होता? आप्पासाहेब म्हणाले, त्यांना ती कधीच आवडली नाय, त्यांना वाटायचं बाकीच्यांना आवडते. पुंजारामनं कानाची पाळी धरली, त्याला तर दुसऱ्या दिवशी पित्त व्हायचं, नुसत्या वासानं. मीही सांगून टाकलं. सगळ्यात शेवटी बद्रीनाथ म्हणाला, "मला तरी कुठं आवडते? तुम्हाला आवडते म्हणून मी आणत होतो."

पुंजारामला हसू फुटलं. मग आप्पासाहेबांना, मग सगळ्यांनाच. चांदपाशा तर पोट धरून म्हणाला, "या अल्ला, आणि मी कोरडा बसून यांचा न्याय करत होतो." शिरीष मात्र हसला नाय. त्यानं बरणी जवळ ओढली, वरच्या निळ्या रेघेवरून बोट फिरवलं.

"ही आईची ना?"

"व्हय."

"हिंगाचा वास येतोय. धुतली नाही?"

"खळबळून घेतली," बद्रीनाथ म्हणाला. "साबण नाय लावला."

शिरीषनं पळीभर आणखी घेतलं आणि ते आंबलेलं पाणी सगळं प्यायला. आम्ही भिंतीकडं बघत बसलो. काही वेळानं तो उठला आणि म्हणाला, "गिऱ्हाईकाला मी थांबायला सांगतो. पण काका, एक ऐका माझं. ही वाइन बंद करा. तुम्हाला भेटायचंय ना? मग नुसते भेटा. चहा प्या, गप्पा मारा. खोटं कशाला?"

सल्ला चांगला होता. चांगल्या सल्ल्यानं कुणाचं भलं झालेलं मी अजून बघितलं नाय.

पुढच्या महिन्यात बैठकीच्या बुधवारी मी शर्ट घालत होतो तर मनकर्णा म्हणाली, "कुठं निघाले?"

"बद्रीनाथकडं. चहा प्यायला."

"चहा प्यायला? आपल्या घरात चहा नाय का?"

वाइन प्यायला निघायचो तोपर्यंत तिनं कधी अडवलं नाय. व्यसनाला जाणाऱ्या माणसाला आपल्याकडं कुणी कारण विचारत नाय, त्याचं कारण सगळ्यांना कळतं. पण साठी उलटलेल्या बाप्यानं आवरून सावरून दोस्ताला नुसतं बघायला जायचं, हे सांगायचं कसं? माझ्या तोंडातून तर निघंना. मी रागारागानं चपला घातल्या आणि गेलो.

बद्रीनाथनं पाच जणांची भजी तळून ठेवली होती. आलो मी आणि चांदपाशा. आप्पासाहेबांचा फोन आला, सोयगावला निंदणीची माणसं लावलीत. पुंजारामकडं पाहुणे होते. पाहुणे कसले, त्याच्या बायकोनं नंतर मनकर्णाला सांगितलं की तो टीव्ही बघत बसला होता. आम्ही तिघं चहा प्यायलो. मी म्हटलं, "चहा चांगला झालाय." चांदपाशा म्हणाला, "हौ." त्यावर मुकर्रर काय म्हणणार? भजी थंड झाली.

त्याच्या पुढच्या महिन्यात तर चांदपाशालाही ताप होता. मी एकटाच. बद्रीनाथनं या वेळी भजी केली नव्हती. दिवाणखान्यात दोन बॅगा भरून ठेवलेल्या होत्या.

"शिरीष पुढच्या रविवारी येतोय," तो म्हणाला.

"गिऱ्हाईक परत आलं का?"

"नाय. मीच बोलावलं त्याला. न्यायला ये म्हटलं." माझ्याकडं बघून हसला. "सांडू, तोंड नको पाडू. तुमची कुणाची काही चूक नाय. पोरगं म्हणालं तेच खरं होतं, आणि खरं बोललो ते बरंच झालं."

"खरं गेलं चुलीत," मी म्हटलं आणि उठून आलो. रस्त्यात मी कुणाला तरी शिव्या देत होतो, नेमक्या कुणाला ते मलाही माहीत नव्हतं. माणूस बायको गेल्यावर उभा राहिला, आणि आपण चार धडधाकट बाप्यांनी त्याला चहाच्या कपात बुडवला. लाज वाटली आणि लई राग आला.

घरी आल्या आल्या फोन घेतला. आप्पासाहेबांना म्हटलं, "शिरीषनं पुण्याहून बाटली पाठवलीय. इंपोर्टेड. येत्या बुधवारी खास बैठक."

"पण मला आवडत नाय हे आता सगळ्यांना ठाऊक आहे," आप्पासाहेब म्हणाले.

"तुम्हाला आवडते का, असं मी विचारलं का? बद्रीनाथ रविवारी चाललाय. बुधवारी या."

आप्पासाहेब म्हणाले, "आधी सांगायचं ना. वाक्य जुळवायला वेळ लागतो." पुंजाराम तर लगेच हो म्हणाला. म्हणाला, "बायकोला काय सांगू? वाइनच ना?" मी म्हटलं वाइनच. त्याचा जीव भांड्यात पडला.

बुधवारी दुपारी मी बाटली आणायला गेलो, तर दुकानाचं शटर खाली. मतदान जवळ आलेलं, ड्राय डे. त्या बंद शटरसमोर मी उभा, हातात कापडी पिशवी, आणि नेमका आमच्या डेपोतला एक जुना कंडक्टर समोरून गेला. "साहेब, तुम्हीपण?" म्हणाला. मी त्याला काय उत्तर दिलं ते इथं सांगण्यासारखं नाय.

घरी येऊन मी खिडकीतली बाटली घेतली आणि मनीप्लांट उपटला. मनकर्णा धावत आली. "अहो, ते कशाला उपटता? चळ लागलाय का?"

मग मी सांगितलं. सगळं सरळ सांगितलं, आत्तापर्यंत कधी सांगितलं नव्हतं तसं. बद्रीनाथ चाललाय. मला तो जायला नकोय. मला दर महिन्याला त्याच्याकडं जाऊन बसायचंय, आणि त्यासाठी बाटली लागते. ती कमरेवर हात ठेवून ऐकत राहिली. "आशा असती तर तिनं तुम्हा सगळ्यांना लाटण्यानं फोडून काढलं असतं," म्हणाली. मग फ्रिज उघडला, पाहुण्यांसाठी करून ठेवलेलं जांभळाचं सरबत काढलं, गाळण्यातून बाटलीत ओतलं, आणि लेबलावरचा चिखल पदरानं पुसला. "जास्त हलवू नका, फेस येतो," एवढंच बोलली आणि माझा शर्ट आणायला आत गेली.

चांदपाशाला मी बद्रीनाथच्या फाटकापाशीच खरं सांगितलं. परीक्षकाला फसवणं बरं नाय. त्यानं पिकदाणी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "नुस्तं शरबत?" म्हणाला. मी म्हटलं, नुसतं सरबत. तो दाढीतल्या दाढीत हसला.

बद्रीनाथनं दार उघडलं आणि चौघांना एकदम बघून बाजूला सरकायचंच विसरला. बॅगा तिथंच होत्या. पुंजारामनं त्यातली एक उचलून दिवाणाखाली सरकवली, म्हणाला पाय ठेवायला जागा होत नाय. मी ग्लास मांडले, ओतलं. रंग झकास उतरला होता.

आप्पासाहेबांनी ग्लास फिरवला, नाक घातलं, घोट घेतला, घोळवला आणि सवयीनं पिकदाणीत टाकला. कपाळावर आठ्या. "आधीच्या सगळ्या बाटल्यांपेक्षा उग्र आहे," म्हणाले. "पण इमानी. खोंड पहिल्यांदा जुंपलं की मान झटकतं, आणि मग एकदाच मागं वळून धन्याकडं बघतं. तसं आहे हे."

"वाह," चांदपाशा म्हणाला.

पुंजारामनं घोट घेतला आणि थुंकला, म्हणाला, "मला उद्या पित्त होणार. होऊ दे." त्याला पण वाह मिळाला. मनकर्णाचं सरबत असं पिकदाणीत पडताना बघून माझा जीव तुटत होता, पण मीही थुंकलो. मंडळ म्हणजे मंडळ.

मग चांदपाशानं ग्लास पुढं केला. "आज मलापण दे, सांडूभाऊ."

आप्पासाहेब खुर्चीतून अर्धे उठले. "चांदपाशा, बद्रीनाथ जायचा म्हणून एवढं मनाला लावून घेऊ नका. या वयात असलं काही..." चांदपाशानं ऐकलं नाय. मी ओतलं, तो एका दमात प्यायला, दाढी पुसली आणि ग्लास परत पुढं केला. "मुकर्रर," म्हणाला. पुंजारामनं त्याच्या वतीनं दोन्ही गालांवर हात लावून घेतले.

बद्रीनाथ चांदपाशाकडं बघत होता. या माणसाला तो शाळेपासून ओळखत होता. मग त्यानं स्वतःचा ग्लास उचलला, घोट तोंडात घेतला आणि सवयीनं पिकदाणीवर वाकला. वाकला आणि तसाच थांबला. मग सरळ झाला आणि गिळलं. त्यानं बाटली उचलून उजेडात धरली. आत तळाशी मनीप्लांटचं एक पांढरं मूळ चिकटून राहिलं होतं.

"कुठली म्हणालास ही?"

"पुण्याची," मी म्हटलं. "तुझ्या शिरीषनं पाठवली."

शिरीषनं काय पाठवलं आणि काय नाय, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तो एकेकाच्या तोंडाकडं बघत राहिला. आप्पासाहेब अजून मिटक्या मारून चवीचा अंदाज घेत होते. बद्रीनाथचे डोळे भरले. "लई मुरलीय," एवढंच म्हणाला. आम्ही त्याच्या वाक्याची वाट बघत होतो.

तेवढ्यात त्याच्या खिशात फोन वाजला. आम्ही सवयीनं गप्प झालो. एक घंटी गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. मग त्यानं बसल्या जागीच फोन कानाला लावला.

"शिरीष, आत्ता नाय बाबा, माणसं बसलीत. काय? रविवारचं? रविवारी ये ना, नातीला घेऊन ये, मटण करू. नाय, ते न्यायचं राहू दे. मला कसं जमंल रे, इथं दर बुधवारी बैठक असते. ठेव आता."

महिन्यातून एकदाची बैठक त्यानं एका दमात दर बुधवारची करून टाकली. कुणी दुरुस्त केलं नाय. त्यानं फोन टेबलावर उपडा ठेवला, ग्लास माझ्यापुढं सरकवला आणि खुर्ची आप्पासाहेबांकडं वळवली.

"हं, आप्पासाहेब, त्या खोंडाचं काय म्हणत होता? परत म्हणा."